मुलांनीं वाचावी अशी एक अद्भुतकथा

परीक्षा आटोपून सुट्टी लागली, कीं मुलांच्या हातीं कोणतें पुस्तक द्यावें हा प्रश्न घरोघर उभा राहतो. अद्भुत कादंबऱ्यांनीं मुलें स्वप्नाळू होतात, अशी वडील मंडळींपैकीं पुष्कळांची समजूत असते. अशा मंडळींनीं अर्सुला ले ग्विन या अमेरिकन लेखिकेची ‘ए विझर्ड ऑफ अर्थसी’ ही १९६८ सालीं प्रसिद्ध झालेली इंग्रजी कादंबरी आधीं स्वतः वाचावी व मग मुलांस द्यावी, असें आम्ही सुचवितों.

अर्थसी हा असंख्य बेटांचा कल्पित प्रदेश. त्यांतील गॉन्ट बेटावर शेळ्या राखणारा गेड हा मातृहीन, तांबूस-सांवळ्या वर्णाचा मुलगा कथानायक होय. ओजियन नांवाचा मितभाषी गुरु त्यास वनस्पतींचीं पानें व मुळें ओळखावयास शिकवितो; पोराला तर तत्काळ चमत्कार हवा असतो! म्हणून तो रोक बेटावरील विद्यालयांत जातो. तेथें वस्तूंचीं प्राचीन भाषेंतील खरीं नांवें जाणणें हेंच जादूचें मूळ. त्याकरितां विद्यार्थी एकान्तांतील मनोऱ्यांत बसून नामावळ्या मुखोद्गत करितात. अमरकोश घोकलेल्या आजोबांस हा भाग वाचून आपलें बालपण आठवल्यावांचून राहणार नाहीं.

पुढें एका सहाध्यायाशीं ईर्ष्या करून गेड अधिकार नसतां मृतात्म्यास आवाहन करितो. त्या वेळीं एक निनांवी छाया जगांत शिरते. तिला आलेली वाट बुजवितांना वृद्ध प्रधानाचार्यांचे प्राण वेंचतात. मग ती छाया गेडच्या पाठीस लागते. ड्रॅगनास नांवाच्या बळावर वचनबद्ध करणारा हा वीर तिच्यापुढें मात्र पळत सुटतो.

या कथेचा विशेष आम्हांस येथेंच दिसतो. नायकाचा शत्रु परका राक्षस नव्हे. त्याच्याच गर्वानें त्यास वाट करून दिली आहे. हातून चूक घडली, कीं मुलें ती दडवितात, आणि जों जों दडवावी तों तों ती अधिकच भिववूं लागते. अशा मुलास प्रत्यक्ष उपदेश रुचत नाहीं. पळणें सोडून मागें वळ, हा ओजियनचा सल्ला मात्र तें गेडबरोबर आपणही ऐकतें. शेवट काय होतो, तें आम्ही सांगत नाहीं.

छायेचे कांहीं प्रसंग भयप्रद असल्यानें बारा वर्षांखालील मुलांस पुस्तक एकट्यानें वाचावयास देऊं नये. रात्रीं जेवणें झाल्यावर थोरल्या भावंडांनीं एकेक प्रकरण मराठींत समजावून सांगावें. वडील मंडळीही ऐकावयास बसतील, अशी आमची खात्री आहे.