तीन डोमेन, एक नामावली

आजचा विषय जरा तांत्रिक आहे. पण ज्यांच्या बँकेचं, ऑफिसचं किंवा कारखान्याचं विलीनीकरण झालंय, त्यांना तो ओळखीचा वाटेल. वेगवेगळी नेटवर्क डोमेन एका रचनेत आणायची कशी, आणि त्यात गाडी अडते कुठे, हे आज पाहू.

उदाहरण दिल्ली परिसरातलंच घेऊ. 1 एप्रिल 2020 ला ओरिएंटल बँक ऑफ कॉमर्स आणि युनायटेड बँक ऑफ इंडिया या दोन बँका पंजाब नॅशनल बँकेत विलीन झाल्या. पंजाब नॅशनलचं मुख्यालय द्वारकेत, ओरिएंटलचं गुरुग्रामला, युनायटेडचं कोलकात्याला. तिघींचं कोअर बँकिंग सॉफ्टवेअर एकच, फिनॅकल. तरीही त्या दोन बँकांची जुनी चेकबुकं बाद व्हायला 1 ऑक्टोबर 2021 उजाडला. म्हणजे कागदावर विलीनीकरण एका दिवसात होतं, यंत्रणेत त्याला दीड वर्षही लागू शकतं.

आता अशा कुठल्याही संस्थेच्या आत डोकावू. सकाळी कर्मचारी संगणकावर नाव आणि पासवर्ड टाकतो. तो खरा की खोटा, हे ठरवणाऱ्या नामावलीला डिरेक्टरी म्हणतात. मायक्रोसॉफ्टची ॲक्टिव्ह डिरेक्टरी 2000 साली आली आणि आज बहुतेक मोठ्या कार्यालयांत तीच दिसते. एका नामावलीचा कारभार म्हणजे डोमेन, ती सांभाळणारा सर्व्हर म्हणजे डोमेन कंट्रोलर, आणि अनेक डोमेनचं कुटुंब म्हणजे फॉरेस्ट. तीन संस्था एक झाल्या की बहुधा तीन फॉरेस्ट हातात येतात.

पहिली पायरी म्हणजे ट्रस्ट. दोन फॉरेस्ट एकमेकांची ओळखपत्रं मानायला लागतात. काम लगेच सुरू होतं, म्हणून पुष्कळ ठिकाणी मंडळी इथेच थांबतात. पण हा तात्पुरता पूल आहे. पासवर्डचे नियम तीन, व्यवस्थापक तीन, आणि नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं खातं तीनपैकी कुठल्यातरी नामावलीत जिवंत राहिलेलं. चोर नेमका त्याच दारातून येतो.

दुसरी पायरी म्हणजे स्थलांतर, आणि खरी मेख इथे आहे. संगणक माणसाला नावाने ओळखत नाही, नंबराने ओळखतो. या नंबराला एसआयडी म्हणतात. फोल्डरवर परवानगी लिहिलेली असते ती या नंबराच्या नावे. खातं नव्या डोमेनमध्ये नेलं की नंबर बदलतो. माणूस तोच, पण दार उघडत नाही.

फौजेत याला चांगली उपमा आहे. हवालदार नायब सुभेदार झाला की त्याला नवा जेसीओ नंबर मिळतो. माणूस तोच असतो, पण जुने कागद जुन्या नंबरावर असतात, म्हणून दोन्हींचा मेळ ठेवावा लागतो. डिरेक्टरीत हेच काम एसआयडी हिस्टरी करते. नव्या खात्यासोबत जुना नंबरही नेला जातो आणि जुनी दारं उघडी राहतात. मात्र ही सोय कायमची ठेवू नका. परवानग्या नव्या नंबरावर लिहून झाल्या की जुने नंबर पुसून टाका.

क्रम असा ठेवा. आधी मोजणी करा, म्हणजे खाती किती, गट किती, वापरात किती हे कळेल. दोन डोमेनमध्ये एकाच लॉगिनचे दोन ‘एस पाटील’ हमखास निघतात. कोणाचं नाव बदलायचं, ते आधीच ठरवा आणि त्या माणसाला कळवा. मग गट न्या, मग माणसं, मग संगणक. सुरुवात एका लहान शाखेपासून करा. ती आठवडाभर सुरळीत चालली की मगच पुढची घ्या.

सगळ्यात फसवी असतात सर्व्हिस खाती. ही माणसांची नसतात. रात्री बॅकअप घेणारा, पगाराची फाइल पाठवणारा प्रोग्रॅम त्यांच्या नावाने चालतो. दिवसा सगळं छान दिसतं आणि महिनाअखेरीस पगार अडकतो. म्हणून जुना डोमेन मोडण्यापूर्वी निदान एक महिनाअखेर आणि एक तिमाही पार पडू द्या.

आता दुसरी बाजू. सगळं एका छताखाली आणलं की धोकाही एका छताखाली येतो. जून 2017 मध्ये नॉटपेट्या या व्हायरसने मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरातले डोमेन कंट्रोलर पुसले. एकच वाचला, घानामधला, कारण त्या वेळी तिथली वीज गेली होती! त्याच्यावरून कंपनीने आपली नामावली परत उभी केली. आपण वीज जाण्याच्या भरवशावर राहू नये. डिरेक्टरीची एक प्रत नेटवर्कपासून तोडून ठेवा, आणि तिच्यावरून सगळं पुन्हा उभं करण्याचा सराव वर्षातून एकदा तरी करा. सर्वोच्च अधिकार असलेली खाती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच ठेवा.

तुमच्या कार्यालयात असं काम निघालं असेल, तर आयटी विभागाला दोन प्रश्न जरूर विचारा. जुना डोमेन कोणत्या तारखेला बंद होणार? आणि ती तारीख कोणाच्या सहीने ठरली? उत्तर मिळालं नाही, तर समजा की अजून पुलावरच उभे आहात.

पुढच्या भागात पासवर्डच्या नियमांबद्दल बोलू. तोवर नमस्कार. जय हिंद!