माणसाजवळ येणारा संगणक : भिलाई आणि सर्वव्यापी संगणन

सर्वव्यापी संगणन म्हणजे संगणकाची शक्ती एका पेटीत न कोंडता ती रोजच्या वापरातल्या वस्तूंत, जागांत आणि व्यवहारांत पसरवण्याचे शास्त्र. टोलनाक्यावरची कमान, रेशन दुकानातले अंगठ्याचे यंत्र, किराणा दुकानात जमा झालेली रक्कम बोलून सांगणारा छोटा स्पीकर आणि शेतातला ओलावा मोजणारा खांब हे सगळे संगणकच आहेत. त्यांच्यासमोर खुर्ची टाकून कोणी बसत नाही आणि ते वापरण्यासाठी वेगळे शिक्षण घ्यावे लागत नाही. आजूबाजूची स्थिती टिपणारे संवेदक, ती माहिती वाहून नेणारे बिनतारी जाळे, तिचा अर्थ लावणारी गणिती प्रणाली आणि त्यानुसार माणसाला सूचना देणारे किंवा स्वतः काम करणारे साधन अशा चार थरांवर हे शास्त्र उभे आहे.

ही कल्पना मांडली मार्क वायझर या अमेरिकी संशोधकाने. कॅलिफोर्नियात पालो आल्टो येथे असलेल्या झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात १९८८च्या सुमारास त्याने तिला नाव दिले आणि सप्टेंबर १९९१मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातील लेखातून ती जगापुढे ठेवली. तळहाताएवढे, वहीएवढे आणि फळ्याएवढे असे तीन आकारांचे संगणक त्याच्या गटाने तयार केले होते. चांगले साधन वापरताना माणसाचे लक्ष साधनावर न राहता कामावर राहते, हे त्याच्या विचाराचे सूत्र होते. जपानमध्ये त्याआधीच, १९८४ साली, तोक्यो विद्यापीठात केन साकामुरा यांनी ‘ट्रॉन’ प्रकल्प सुरू केला होता. घरगुती उपकरणांपासून कारखान्यातील यंत्रांपर्यंत सर्वत्र लहान संगणक असतील, असे गृहीत धरून त्यांना चालवणारी प्रणाली त्या प्रकल्पातून घडली.

वायझरपुढे एका संपन्न देशातले कार्यालय होते. तिथे एकेका माणसाभोवती शंभर संगणक कसे नांदतील, हा प्रश्न होता. भारतातल्या विद्यापीठांपुढे हा प्रश्न उलट्या बाजूने आला. घरात एकच साधा फोन आहे, वीज जाते-येते, बोलीभाषेला छापील पुस्तकेही कमी आहेत आणि तरी त्या घराला संगणकाचा उपयोग झाला पाहिजे. यंत्र शिकण्याचा भार माणसावर न टाकता माणसाशी जुळवून घेण्याचा भार यंत्रावर टाकायचा, ही भारतातल्या या संशोधनाची खरी कसोटी आहे. छत्तीसगडमधील भिलाई आणि तिच्याशी जोडलेल्या संस्थांच्या कामातून ती नीट समजते.

पोलादनगरीतील नवी संस्था

भिलाई हे दुर्ग जिल्ह्यातले शहर मुंबई–हावडा लोहमार्गावर आहे. १९५६पूर्वी हा भाग नागपूर राजधानी असलेल्या राज्यात होता, त्यामुळे मराठी कुटुंबांचे या पट्ट्याशी नाते जुने आहे. भिलाईच्या पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी २ फेब्रुवारी १९५५ रोजी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. भारतीय रेल्वेचे रूळ घडवणारे गाव ही ओळख तेव्हापासून कायम आहे. तांत्रिक शिक्षणही इथे रुजले. छत्तीसगड स्वामी विवेकानंद तंत्र विद्यापीठाचे मुख्यालय भिलाईतच आहे.

२०१६ साली भिलाईच्या नावाने आयआयटी सुरू झाली. पहिले वर्ग रायपूरजवळ सेजबहार येथील शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात भरले. कायमच्या संकुलाची पायाभरणी १४ जून २०१८ रोजी झाली आणि दुर्ग जिल्ह्यातील कुटेलाभाठा येथील हे संकुल २० फेब्रुवारी २०२४ रोजी राष्ट्राला अर्पण करण्यात आले. सुरुवातीच्या काळात संस्थेचे पालकत्व आयआयटी हैदराबादकडे होते. केंद्रीय मंत्रिमंडळाने ६ डिसेंबर २०१८ रोजी संगणक आणि भौतिक यंत्रे यांना जोडणाऱ्या सायबर-भौतिक प्रणालींच्या ३,६६० कोटी रुपयांच्या राष्ट्रीय मोहिमेला मंजुरी दिली. तिच्यातून देशभर २५ नवोन्मेष केंद्रे उभी राहिली. आयआयटी मुंबईला वस्तूंच्या इंटरनेटचा विषय मिळाला, हैदराबादला स्वयंचलित वाहनांचा आणि भिलाईला आर्थिक तंत्रज्ञानाचा.

कार्डातला आणि काचेवरचा संगणक

आयआयटी भिलाईचे पहिले पूर्णवेळ संचालक रजत मूना २०१७मध्ये रुजू झाले. त्याआधी ते पुण्यात मुख्यालय असलेल्या ‘सी-डॅक’ या सरकारी संगणन संस्थेचे महासंचालक होते आणि त्याही आधी आयआयटी कानपूरमध्ये प्राध्यापक. कानपूरमध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रासह त्यांनी ‘स्कॉस्टा’ ही स्मार्ट कार्डांसाठीची भारतीय प्रणाली घडवण्यात मोठा वाटा उचलला. वाहन परवाना आणि वाहन नोंदणीच्या कार्डांतील चिप या प्रणालीवर चालते. कार्ड कोणत्याही कंपनीने बनवलेले असो, ते देशातल्या कोणत्याही वाचकयंत्राला समजले पाहिजे, हा त्यामागचा हेतू होता. एका राज्यातले कार्ड दुसऱ्या राज्यात निरुपयोगी ठरले, तर खिशातल्या संगणकाचा उपयोग काय? सगळ्यांना खुले असे समान मानक ठरवणे हे प्रयोगशाळेत फारसे चमकदार दिसत नाही, पण त्याशिवाय कोणतेही संगणन सर्वव्यापी होऊ शकत नाही.

गाडीच्या काचेवरचा फास्टॅग हे त्याचे घरोघरी पोहोचलेले उदाहरण. या चिकटपट्टीत बॅटरी नसते. टोलनाक्यावरील यंत्र ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरी सोडते, पट्टीतला अँटेना त्या लहरींतूनच ऊर्जा घेतो आणि आपला क्रमांक परत पाठवतो. त्या क्रमांकाला जोडलेल्या खात्यातून पैसे वळते होतात. १५ फेब्रुवारी २०२१च्या मध्यरात्रीपासून राष्ट्रीय महामार्गांवर तो सक्तीचा झाला. भारतात हाच लहरपट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवान्याविना खुला आहे. म्हणून शेत, पाण्याची टाकी किंवा विजेचे मीटर यांवरचे संवेदक बनवणाऱ्या विद्यार्थ्यांच्याही तो कामी येतो.

द्राक्षबागेतील संवेदक

भिलाईचे पालकत्व सांभाळणाऱ्या आयआयटी हैदराबादचे संस्थापक संचालक उदय देसाई त्याआधी आयआयटी मुंबईत प्राध्यापक होते. तिथे त्यांच्या गटाने नाशिकच्या सुला द्राक्षमळ्यात ‘अ‍ॅग्रिसेन्स’ हे संवेदकांचे बिनतारी जाळे बसवले. हवेचे तापमान, आर्द्रता, जमिनीतला ओलावा आणि पानावरचा दमटपणा यांच्या नोंदी बागेतून थेट प्रयोगशाळेत येत. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस किंवा दाट दव पडले की द्राक्षावर केवडा हा बुरशीजन्य रोग पसरतो. पान किती तास ओले राहिले आणि तेव्हा तापमान किती होते, यावर या बुरशीची वाढ अवलंबून असते. हे दोन्ही आकडे हाती असतील तर फवारणी केव्हा करायची आणि केव्हा टाळायची, हे ठरवता येते. औषधाचा खर्च वाचतो, घडांवर उरणारा विषारी अंशही घटतो.

ओलाव्याचा संवेदक विद्युतधारिता मोजतो. कोरड्या मातीचा परावैद्युत अंक तीन ते पाचच्या आसपास असतो, तर पाण्याचा सुमारे ऐंशी. मातीत पाणी वाढले की संवेदकाच्या दोन पट्ट्यांमधली विद्युतधारिता वाढते आणि त्यावरून ओलाव्याचे प्रमाण कळते. छत्तीसगडला धानाचा कटोरा म्हणतात. तिथल्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या भातखाचरात, हेच तत्त्व पाण्याच्या पातळीसाठी वापरता येते. बांधीत सतत पाणी तुंबवून न ठेवता ते आलटून पालटून आटू दिले तर पाणी वाचते आणि शेतातून निघणारा मिथेनही कमी होतो. मात्र पाणी किती खाली गेले की पुन्हा सोडायचे, हे अचूक कळावे लागते.

आयआयटी मुंबईत कृती रामामृतम यांच्या गटाने २००३च्या सुमारास सुरू केलेल्या ‘आक्वा’ या प्रणालीची दिशा वेगळी होती. शेतकरी मराठीत प्रश्न विचारत आणि बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञ उत्तर देत. एका भाषेत नोंदलेली माहिती दुसऱ्या भाषेतील प्रश्नालाही सापडावी, असा शोध त्यात होता. संवेदकाने आकडा दिला तरी त्या आकड्याचे पुढे काय करायचे हे सांगणारा जाणकार लागतोच, हा धडा या कामाने दिला.

हैदराबादमध्ये देसाई यांच्या नेतृत्वाखाली जपानच्या केओ विद्यापीठासह आपत्तींच्या माहितीजाळ्याचा प्रकल्प झाला. भूकंप आणि हवामानाचे संवेदक उभारणे आणि नेहमीची दूरध्वनी यंत्रणा कोलमडली तरी टिकेल अशी संपर्कव्यवस्था शोधणे हे त्याचे विषय होते.

लिहिता न येणाऱ्यांसाठी आवाज

२०११च्या जनगणनेनुसार छत्तीसगडमध्ये अनुसूचित जमातींचे प्रमाण ३० टक्क्यांहून अधिक आहे. बस्तरमध्ये गोंडी आणि हलबी बोलल्या जातात. गोंडी भाषकांची देशातली संख्या सुमारे ३० लाख असून गडचिरोली-चंद्रपुरातही ही भाषा जिवंत आहे. पडद्यावरचे हिंदी किंवा इंग्रजी बटण या माणसांच्या कामाचे नाही.

२०१० साली पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांनी संगणकतज्ज्ञांच्या मदतीने ‘सीजीनेट स्वर’ सुरू केले. साध्या फोनवरून ठरलेल्या क्रमांकाला फोन लावायचा, एक आकडा दाबून आपला निरोप नोंदवायचा आणि दुसरा दाबून इतरांचे निरोप ऐकायचे. बंद पडलेला हातपंप, न मिळालेली मजुरी, शाळेत न येणारा शिक्षक अशा तक्रारी गावकऱ्यांनी आपल्या तोंडाने मांडल्या आणि ऐकणाऱ्यांनी संबंधित अधिकाऱ्यांना फोन करून पाठपुरावा केला. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्च आणि नवा रायपूरच्या आयआयआयटीच्या साथीने गोंडी–हिंदी यंत्रानुवादाचे काम उभे राहिले. ज्या भाषेत पुरेसा लिखित मजकूर नाही तिच्यासाठी अनुवादप्रणाली घडवताना बोलणाऱ्यांनाच हाताशी धरून एकेक वाक्य जमवावे लागते. आदिवासी भाषांसाठी १ सप्टेंबर २०२५ रोजी सुरू झालेल्या ‘आदि वाणी’ या अ‍ॅपमागे आयआयटी दिल्लीच्या नेतृत्वाखालील गट आहे आणि त्यात नवा रायपूरची संस्थाही आहे. संथाळी, भिली, मुंडारी आणि गोंडी या भाषांनी त्याची सुरुवात झाली.

रोजचा पैसा, रोजचे धान्य

भिलाईच्या केंद्राकडे आलेला आर्थिक तंत्रज्ञानाचा विषय केवळ बँकांपुरता नाही. पैसा ही प्रत्येक घरात रोज हाताळली जाणारी गोष्ट आहे आणि देशात सर्वव्यापी संगणन सर्वांत खोल पोहोचले ते याच वाटेने. एप्रिल २०१६मध्ये सुरू झालेल्या यूपीआयने भाजीवाल्याच्या गाडीपर्यंत मजल मारली. स्मार्टफोन नसलेल्यांसाठी मार्च २०२२मध्ये ‘यूपीआय १२३पे’ आले. त्यात साध्या फोनवरून, बोलत्या सूचना ऐकून किंवा मिस्ड कॉल देऊन पैसे पाठवता येतात. फसवणूक ओळखणे, नेट नसतानाही सुरक्षित व्यवहार करणे, ओळख पटवताना कमीत कमी माहिती उघड करणे हे या क्षेत्रातले संशोधनाचे प्रश्न आहेत.

रेशनच्या बाबतीत छत्तीसगडने सरकारी पातळीवर आधीच वाट पाडली होती. २०१२मध्ये रायपुरात सुरू झालेल्या ‘कोअर पीडीएस’ या संगणकीकृत रेशनव्यवस्थेमुळे कार्डधारकाला आपल्या पसंतीच्या दुकानातून धान्य घेता येऊ लागले. दुकानदाराने टाळाटाळ केली तर दुसरीकडे जाण्याची मुभा मिळाली. संगणकामुळे इथे ग्राहकाच्या हातात निवड आली, हा त्याचा सामाजिक अर्थ आहे.

कारखान्यातील सुरक्षितता

भिलाईसारख्या गावात या शास्त्राची एक निकड थेट जिवाशी जोडलेली आहे. झोतभट्टीतून निघणाऱ्या वायूत कार्बन मोनॉक्साइड मोठ्या प्रमाणात असतो. त्याला रंग नाही, वास नाही. १२ जून २०१४ रोजी कारखान्याच्या पंप हाऊसमध्ये झालेल्या वायुगळतीत सहा जणांचा मृत्यू झाला. कामगाराच्या अंगावर लावता येणारा संवेदक अशा वायूची चाहूल देतो. त्यातल्या विद्युत-रासायनिक घटात वायू शिरला की त्याच्या प्रमाणात प्रवाह वाहतो आणि मर्यादा ओलांडताच इशारा वाजतो. असे अनेक संवेदक बिनतारी जाळ्याने जोडले तर वायू कोणत्या दिशेने पसरतो आहे आणि कोणत्या वाटेने माणसे बाहेर काढायची, हेही कळते. मात्र लोखंडी भिंतींच्या आवारात रेडिओलहरी परावर्तित होतात आणि माणसाचे नेमके ठिकाण चुकते. उष्णता आणि धूळ यांमुळे संवेदकाचे मापही हळूहळू ढळते. हे प्रश्न सोडवायला भट्टीशेजारची विद्यापीठेच सर्वांत सोयीच्या जागी आहेत.

वाटेतल्या अडचणी

गावात बसवलेले साधन टिकवणे हे ते बनवण्याइतकेच कठीण असते. उन्हाळ्यातला पंचेचाळीस अंशांचा पारा, पावसाळी दमट हवा, येती-जाती वीज, वायर कुरतडणारे उंदीर आणि जंगलातला नेटवर्कचा अभाव यांच्यापुढे प्रयोगशाळेत उत्तम चाललेली यंत्रे हार मानतात. गावापर्यंतच्या इंटरनेटच्या अंतिम टप्प्यातील जोडणीवर आयआयटी मुंबईत अभय करंदीकर यांच्या गटाने पालघर जिल्ह्यातील गावांत काम केले. दूरचित्रवाणीसाठी राखलेल्या पण न वापरल्या जाणाऱ्या लहरींतून त्यांनी गावांना इंटरनेट दिले. या लहरी झाडी ओलांडून दूरवर पोहोचतात. ‘ग्राम मार्ग’ या कामाला २०१७ साली मोझिलाच्या स्पर्धेत पुरस्कार मिळाला. दुसरी अडचण पैशाची आहे. संशोधन अनुदान दोन-तीन वर्षांत संपते आणि बॅटरी बदलायला कोणी उरत नाही. म्हणून ग्रामपंचायत, बचत गट किंवा कृषी केंद्र यांना सुरुवातीपासून भागीदार करून घेणे आणि गावातल्याच तरुणांना दुरुस्ती शिकवणे हा संशोधनाचाच भाग मानायला हवा.

तिसरा प्रश्न खासगीपणाचा. जे यंत्र दिसत नाही त्याला नकार देणेही अवघड असते. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला आणि २०२३मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत झाला. अंगठ्याचा ठसा उमटला नाही म्हणून वृद्धेचे धान्य अडू नये, यासाठी पर्यायी सोय प्रणालीतच असली पाहिजे. माहिती दूरच्या सर्व्हरवर न पाठवता जागच्या जागी तपासून फक्त निष्कर्ष पुढे पाठवणे, ही त्यावरची एक तांत्रिक दिशा आहे. तिने विजेची आणि नेटवर्कचीही बचत होते.

केंद्र सरकारने ७ मे २०२५ रोजी भिलाईसह पाच नव्या आयआयटींच्या विस्तारासाठी ११,८२८ कोटींहून अधिक रकमेला मंजुरी दिली असून प्रत्येक ठिकाणी संशोधन उद्यान उभारले जाणार आहे. नव्या प्रयोगशाळांच्या कामाचे मोल किती उपकरणे बसली यावरून ठरू नये. धान कापणारी बाई, भट्टीजवळचा कामगार आणि गोंडीत बोलणारा म्हातारा यांचे काम कोणाच्याही मदतीवाचून पार पडले, तरच ते संशोधन समाजाच्या उपयोगाचे ठरले असे म्हणता येईल.