रक्तवाहिन्यांचं विज्ञान : बोटं ऊबदार, पोटरी उपाशी

रक्तवाहिनीच्या भिंतीतला स्नायू आवळला की वाहिनी अरुंद होते. आवळण्याचा हुकूम सिंपथेटिक मज्जातंतू नॉरअ‍ॅड्रेनालिनच्या हाती धाडतात आणि स्नायूवरचे ‘अल्फा’ ग्राही तो झेलतात. हा हुकूम अडवला, तर गारठलेल्या हातापायांना रक्त जास्त मिळेल का?

इंग्लंडमध्ये हेन्री डेल यांनी १९०६ साली एक विलक्षण गोष्ट नोंदवली. अरगट या बुरशीचा अर्क दिलेल्या मांजराला अ‍ॅड्रेनालिन टोचलं, तर रक्तदाब चढण्याऐवजी उतरत होता. १९४८ मध्ये अमेरिकेत रेमंड अ‍ॅलक्विस्ट यांनी अल्फा आणि बीटा असे दोन प्रकारचे ग्राही मांडले, तेव्हा त्याची संगती लागली : अल्फा अडले होते, वाहिन्या सैल करणारे बीटा मोकळे होते. टोलाझोलिन, फेनॉक्सीबेंझामिन, फेंटोलामिन ही सगळी अल्फा अडवणारी औषधं.

ती दिली की कातडी गरम होई, बोटांवर लाली येई. गुण आला असं वाटणं साहजिकच होतं. पण पायाची धमनी चिंचोळी झालेल्यांना चालताना पोटरीत येणारा गोळा काही त्यानं हटेना. कारण चालणाऱ्या स्नायूतल्या बारीक वाहिन्या ऑक्सिजनच्या तुटवड्यानं आधीच पुरत्या सैलावलेल्या असतात. औषधाला सैल करायला तिथं फारसं उरतच नाही. वरची मोठी धमनी चरबीच्या थरानं कडक आणि चिंचोळी झालेली, ती औषधानं रुंदावत नाही. सैलावतात त्या निरोगी भागातल्या वाहिन्या. पाटाच्या वरच्या अंगाला सगळ्यांनी दारं उघडली, की टोकाच्या शेताला पाणी पोचत नाही, तशी गत. जे कॉफमन यांनी १९७९ मध्ये अशा वाहिनी-विस्फारकांच्या पुराव्याची झाडाझडती घेतली, तेव्हा या दुखण्यात त्यांचा ठोस उपयोग दिसला नाही.

रेनॉचा विकार वेगळा. थंडीत बोटं पांढरीफटक, मग निळी, मग लाल होतात. तिथं दोष मुख्यतः वाहिनी आवळण्याचा असतो. म्हणून प्राझोसिन या अल्फा अडवणाऱ्या औषधानं काहींना थोडा आराम पडतो. मात्र चाचण्या लहान होत्या आणि चक्कर येणं, पहिल्याच गोळीनंतर उभं राहताना भोवळ येणं हे त्रास मोठे. आज आधी निफेडिपिनसारख्या औषधांचा विचार होतो.

अल्फा-रोधकांचं एक काम मात्र मला फार मोलाचं वाटतं. अतिदक्षता विभागात नॉरअ‍ॅड्रेनालिनची सलाइन शिरेबाहेर झिरपली, की हाताची कातडी पांढरी पडून मरू लागते. तिथं वेळेत टोचलेलं फेंटोलामिन ती वाचवू शकतं. रोगाचं मूळ नेमकं अल्फा ग्राहीवर असलं, की हे औषध असं लागू पडतं.

चालताना पोटरी दुखून थांबावं लागत असेल, तर डॉक्टरांकडून पावलाची नाडी तपासून घ्या. त्यांच्या सल्ल्यानं रोज दुखेपर्यंत चालणं, थांबणं, पुन्हा चालणं, यानं अंतर खरोखर वाढतं. आणि विडी, सिगारेट, तंबाखू आजच सोडा. तंबाखूशी निगडित बर्गरच्या आजारात ऐन तारुण्यात बोटं कापावी लागू शकतात. तिथं तंबाखू सोडण्याइतका प्रभावी दुसरा उपाय नाही.