खानदेशाचे छापील इंग्रजी दफ्तर

तापी आणि सातपुडा यांच्यामधल्या काळ्या जमिनीच्या पट्टीत, भुसावळहून खांडव्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, बऱ्हाणपुराच्या अलीकडे रावेर वसले आहे. पेशवाई बुडाल्यानंतरचा या मुलखाचा वृत्तान्त ज्याला मुळापासून पाहावयाचा असेल, त्याला मोडी रुमालांच्या जोडीने आणखी एका दफ्तराशी परिचय करून घ्यावा लागतो. आणि ते दफ्तर म्हणजे इंग्रजांनी खानदेशाविषयी छापलेले ग्रंथ, अहवाल व चोपडी. हे दफ्तर कोणा एका कचेरीत एकत्र ठेवलेले नाही. त्यातील काही लंडनला छापले गेले, काही मुंबईला, काही कलकत्त्याला. आणि आकारांच्या बाबतीत तर दोन हातांनीही न पेलणाऱ्या चित्रसंपुटापासून ते पातळ कागदी वेष्टणाच्या, दोऱ्याने शिवलेल्या चोपडीपर्यंत इतकी विविधता त्यात आढळते की, ही सर्व एकाच विषयाची अपत्ये आहेत हे पाहणाऱ्याला सहसा पटत नाही.

कालक्रमाने पाहू गेल्यास या दफ्तराच्या अग्रभागी जॉन ब्रिग्ज याचे नाव येते. १८१८ साली खानदेश कंपनी सरकारच्या ताब्यात आल्यावर मुलखाचा बंदोबस्त करण्यासाठी पोलिटिकल एजंट म्हणून जो कॅप्टन धुळ्यास आला, त्यानेच पुढे फिरिश्त्याच्या फारसी इतिहासाचे इंग्रजी भाषांतर चार खंडांत १८२९ साली लंडनला प्रसिद्ध केले. त्याआधी, १८१७ च्या नोव्हेंबरात पुण्याच्या संगमावरील रेसिडेन्सी जाळली गेली तेव्हा, त्याचे कित्येक वर्षांचे हस्तलिखित श्रम भस्मसात झाले होते. तरीही त्याने ते काम पुन्हा हाती घेतले, ही गोष्ट मला त्या ग्रंथाच्या विद्वत्तेइतकीच मोलाची वाटते. आपल्या भागाच्या दृष्टीने त्यातील खानदेशच्या फारुकी राजांचे प्रकरण विशेष महत्त्वाचे आहे. फिरिश्ता स्वतः इसवी सन १६०४ च्या सुमारास बऱ्हाणपुरास आला होता, आणि फारुकींची वंशावळ त्यांच्याच राजग्रंथालयातील एका ग्रंथातून मिळाल्याचे तो नमूद करतो. बऱ्हाणपुरातील फारसी ग्रंथ, त्यावरून विजापूरच्या आश्रित फिरिश्त्याने केलेले टिपण आणि त्याचे खानदेशच्या पहिल्या इंग्रज अधिकाऱ्याने केलेले भाषांतर, अशा तीन हातांतून आलेला हा मजकूर शेवटी लंडनच्या जुळाऱ्यांनी खिळ्यांत बसविला.

सर्वांत परिचित ग्रंथ अर्थातच मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा बारावा खंड, म्हणजे १८८० साली मुंबईच्या सरकारी मध्यवर्ती छापखान्यात छापलेला खानदेश खंड. जेम्स कॅम्बेल याच्या संपादनाखाली सिद्ध झालेल्या या ग्रंथात नद्या, झाडे, जाती, पिके, सावकारी, व्यापार, इतिहास, जमीनमहसूल, न्याय, शिक्षण, आरोग्य असा क्रम लावून शेवटी तालुक्यांची व गावांची स्वतंत्र वर्णने दिली आहेत. रावेर त्या वेळी सावदा तालुक्यात मोडत असल्यामुळे त्याची हकीकत त्या तालुक्याच्या अनुषंगाने वाचावी लागते. हा खंड उपयुक्त आहे यात संशय नाही; परंतु त्याच्यावरच विसंबणारे अभ्यासक मात्र मला अर्ध्या वाटेवर थांबलेले दिसतात. गॅझेटियर हे संक्षेपाचे शास्त्र आहे. मामलेदार, मोजणी अधिकारी, जंगलखाते, पलटणीचे अधिकारी यांनी लिहिलेल्या शेकडो कागदांचा अर्क काढून संपादकाने त्याला एकसारखी, शांत, निर्विकार भाषा दिली; आणि त्या भाषेत मूळ कागदांतील वाद, शंका व घाबरगुंडी विरघळून गेली.

ती घाबरगुंडी पाहावयाची तर चोपड्यांकडे वळले पाहिजे. मुंबई सरकार आपल्या दफ्तरांतील निवडक कागदांची एक मालाच छापीत असे, आणि तालुक्यातालुक्याचे जमाबंदीचे अहवाल बहुधा याच मालेतून बाहेर पडत. त्यांची घडण ठरलेली असे: प्रथम मोजणी सुपरिंटेंडेंटचे पत्र, त्यावर वरिष्ठांचे शेरे, मग सरकारचा ठराव, आणि शेवटी गावनिहाय तक्ते. साहित्यदृष्ट्या असा अहवाल अत्यंत नीरस. पण ज्याच्या पूर्वजांचा सारा त्या तक्त्यात बसविला गेला, त्याला त्यातली एकेक ओळ वाचताना थांबावेसे वाटेल. गावाची माणसे किती, नांगर किती, गाड्या किती, विहिरी चालू किती व पडक्या किती, जुना आकार काय आणि नवा काय, हे तेथे गावाच्या नावासमोर लिहिलेले सापडते. ही नावे इंग्रजी वर्णांत उतरताना इतकी विरूप होतात की आपले गाव ओळखण्यास स्थानिक माणूसच लागतो, आणि म्हणून हे काम रावेर-यावलच्या माणसानेच करावयाचे आहे.

खानदेशास कोणती मोजणीपद्धत लागू करावी याविषयी कॅप्टन विंगेटने १८५२ च्या मार्चमध्ये सरकारला अहवाल सादर केला. जमिनीचा कस, पाऊसमान, बाजारपेठेचे अंतर यांचा त्याने केलेला विचार तर्कशुद्ध व बराचसा सहानुभूतीचा आहे. पण त्याच वर्षी सावदा, फैजपूर, एरंडोल या भागांत मोजणीविरुद्ध रयत हजारोंनी जमली, आणि तो जमाव मोडण्यास सरकारला फौज आणावी लागली. ज्या फैजपुरात पुढे १९३६ साली राष्ट्रसभेचे खेड्यातले पहिले अधिवेशन भरले, त्या फैजपुराच्या इतिहासात हे प्रकरण अग्रस्थानी लिहिले जावे असे मला मनापासून वाटते. अहवाल आणि दंग्याचा पत्रव्यवहार समोरासमोर ठेवून वाचला, म्हणजे कचेरीतल्या न्यायबुद्धीला शेतातल्या माणसाचा विश्वास का संपादन करता आला नाही, हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

भिल्लांविषयीची चोपडीही अशीच. कॅप्टन ग्रॅहमने १८४३ साली लिहिलेला खानदेशातील भिल्लांचा संक्षिप्त इतिहास त्याच मालेतून १८५६ साली निघाला, आणि १८२५ साली आउट्रमने उभारलेल्या भिल्ल पलटणीचा वृत्तान्त सिमकॉक्स या मुलकी अधिकाऱ्याने मूळ कागदांवरून संकलित करून १९१२ साली मुंबईत प्रसिद्ध केला. दोन्ही लेखक राज्यकर्त्यांच्या बाजूचे; भिल्लाचा स्वतःचा शब्द त्यांत क्वचितच ऐकू येतो. तथापि कोणत्या नाईकाला पेन्शन मिळाली, कोणाला गुन्हा माफ झाला, कोणाला फाशी, हे तपशील दुसरीकडे कोठे मिळणार?

जाड ग्रंथाला पातळ चोपडीने उत्तर देण्याचा प्रघात आपल्याकडेही लवकरच पडला. ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली लंडनहून तीन खंडांत निघाला होता. त्यावर नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुण विद्यार्थ्याने लिहिलेली टीका १८६८ साली ‘विविधज्ञानविस्तारा’त आली. पृष्ठसंख्येने अल्प असलेल्या त्या निबंधाने मराठी इतिहाससंशोधनाला जी दिशा दिली, तिचाच पुढचा विस्तार राजवाड्यांच्या साधनखंडांत झाला, आणि राजवाड्यांच्या निधनानंतर, १९२७ साली, त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यास स्थापन झाले.

या दफ्तरात आकाराने सर्वांत मोठा ग्रंथ म्हणजे ग्रिफिथ्सने अजिंठ्याच्या चित्रांविषयी १८९६-९७ साली लंडनला काढलेले दोन विशाल खंड. मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांना घेऊन त्याने वर्षानुवर्षे लेण्यांत बसून प्रतिकृती करविल्या. त्यांपैकी पुष्कळशा १८८५ साली लंडनच्या साऊथ केन्सिंग्टन येथील आगीत नष्ट झाल्या. त्यापूर्वी अजिंठ्याचीच चित्रे उतरविणाऱ्या रॉबर्ट गिलच्या बहुतेक प्रतिकृतींचीही क्रिस्टल पॅलेसच्या आगीत हीच गत झाली होती. मूळ भिंतींवरचा रंगही तेव्हापासून झडत आला आहे. अशा स्थितीत छापील पानाची योग्यता केवळ प्रतीची राहत नाही, ते साक्षीदार ठरते.

या सर्वांच्या आयुष्याचे मान मात्र उलटेच आहे. ब्रिग्जच्या काळचा चिंध्यांच्या लगद्यापासून केलेला कागद जवळजवळ दोनशे वर्षांनीही बोटाखाली चिवट लागतो. उलट एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद रूढ झाला आणि त्यातील आम्लामुळे तो पिवळा पडून घडीवर तुटू लागला. जमाबंदीच्या चोपडीला चामड्याची बांधणी नसे. शेवटी चिकटविलेला घडीचा नकाशा आधी फाटे, मग तक्ते सुटत, आणि उरलेले रद्दीत जाई. १८६७ च्या पंचविसाव्या कायद्याने छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत सरकारात देण्याचे बंधन घातले आणि दर तिमाहीस त्यांच्या याद्या प्रसिद्ध होऊ लागल्या, म्हणून काय काय छापले गेले याचा निदान माग तरी लागतो.

ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग १९०७ साली कलकत्त्यास निघाला, आणि त्यात भिल्ली बोलींबरोबर खानदेशी, म्हणजे अहिराणी, समाविष्ट आहे. नमुन्यासाठी निवडलेला उतारा बायबलातील उधळ्या पुत्राच्या कथेचा; देशातील बहुतेक सर्व बोलींसाठी तोच वापरला होता, जेणेकरून एका वाक्याची तुलना दुसऱ्याशी करता यावी. ज्या बोलीत जात्यावरच्या ओव्या, लग्नातली गाणी आणि शेतातली हाळी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती, ती बोली या सरकारी खंडात परक्या कथेचा अंगरखा घालून उभी आहे. तरी तिची क्रियापदे व प्रत्यय तिचेच आहेत, आणि धुळे-अमळनेरकडचा माणूस तो उतारा मोठ्याने वाचू लागला की दोन ओळींतच तिला ओळखतो.