‘प्लँटेशन’ या शब्दाचे निरनिराळे अर्थ

शेती व वन खात्यांच्या कागदपत्रांत ‘प्लँटेशन’ हा शब्द वारंवार येतो. गावात त्याचा अर्थ सांगताना सरसकट ‘लागवड’ असे म्हणण्याचा प्रघात पडला आहे. परंतु त्यामुळे पुष्कळदा घोटाळा होतो.

मूळ इंग्रजी शब्दाने लावण्याची क्रिया आणि लावलेले क्षेत्र या दोहोंचा बोध होतो. मराठीत या दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. क्रियेसाठी तर पिकागणिक शब्द आहे : भाताची लावणी, उसाची लागण, फळझाडांची लागवड. वन खात्याने झाडे लावून वाढविलेले क्षेत्र ते रोपवन. चहा-कॉफीच्या विस्तीर्ण क्षेत्रास मळा म्हणतात खरे; पण देशावरील शेतकऱ्याच्या लेखी मळा म्हणजे विहिरीच्या पाण्यावर भिजणारी जमीन, मग तीत कांदा असो वा मिरची. नारळी-पोफळीच्या जागेस कोकणात वाडी किंवा आगर म्हणतात, तर गोव्यात कुळागर.

संशोधक नारळाची गणना ‘प्लँटेशन’ पिकांत करतात. कासरगोडच्या केंद्रीय संस्थेत नारळ, सुपारी व कोको यांवर काम चालते. उलट १९५१ च्या मळे कामगार कायद्याने आरंभी चहा, कॉफी, रबर व सिंकोना यांचे २५ एकर वा अधिक क्षेत्र आणि ३० वा अधिक कामगार असलेले मळेच हिशेबात धरले होते. तेव्हा वीस माडांचा धनी असे पीक घेतो, पण म्हणून तो मळेवाला ठरत नाही.

खरा पैशाचा प्रश्न फळबागेत उद्भवतो. २०१८ साली सुरू झालेल्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत अनुदान तीन वर्षांत ५०, ३० व २० टक्के असे विभागलेले होते. पुढील हप्त्यांसाठी बागायती बागेत ९० टक्के व कोरडवाहू बागेत ८० टक्के झाडे जिवंत असणे आवश्यक होते. दहा मीटर अंतरावर हेक्टरी १०० आंबा कलमे लावणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याची ७५ च जगली, तर खड्डे, खत व मजुरी यांवर पहिल्या वर्षी खर्च करूनही पुढचा हप्ता अडत असे. ‘लागवड झाली’ एवढेच ऐकून निश्चिंत झालेल्यास हे उशिरा उमगे. नांग्या वेळीच भरणे व उन्हाळ्यात पाणी देणे हीदेखील लागवडच होय. कार्यकर्त्यांनी नोंदवहीत खोदलेले खड्डे, लावलेली कलमे आणि जगलेली झाडे यांचे रकाने वेगळे ठेवावेत, व तिसरा रकाना दर उन्हाळ्याच्या अखेरीस बागेत जाऊन भरावा.