पोर्ट फॉरवर्डिंग : सोयीचा दरवाजा, जोखमीची कडी

बडोद्याच्या जुन्या शहराच्या मध्यभागी मांडवी आहे. तिच्यापासून निघालेले चार रस्ते लहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडीगेट या चार दरवाजांना जाऊन मिळतात. तटबंदीच्या शहरात बाहेरून येणाऱ्याला केवळ शहराचे नाव ठाऊक असून भागत नाही. कोणत्या दरवाजाने आत शिरायचे आणि पुढे कोणाच्या घरी जायचे, हेही ठरलेले असावे लागते. इंटरनेटवर हेच काम करणाऱ्या व्यवस्थेला ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ म्हणतात.

समजा, बडोद्याच्या दांडिया बाजारात वृद्ध आई-वडील राहतात आणि मुलगा नोकरीनिमित्त फोंड्यात आहे. घरात कॅमेरे आणि चित्रण साठवणारा डीव्हीआर बसवलेला आहे. फोंड्यातून मोबाईलवर घर दिसावे, एवढीच मुलाची अपेक्षा असते. कॅमेरे बसवणारा कारागीर राऊटरमध्ये चार आकडे भरतो आणि काही मिनिटांत चित्र दिसू लागते. मात्र, त्या चार आकड्यांनी घराचा कोणता दरवाजा उघडला, याची कुटुंबाला कल्पना नसते.

या व्यवस्थेची गरज पत्त्यांच्या टंचाईतून निर्माण झाली. इंटरनेटच्या चौथ्या आवृत्तीत एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते आहेत. आशिया-प्रशांत विभागाचा मुक्त वाटपाचा साठा १५ एप्रिल २०११ रोजीच संपला. त्यामुळे घरातील सर्व उपकरणे मिळून एकच सार्वजनिक पत्ता वापरतात. आत प्रत्येकाला १९२.१६८ ने सुरू होणारा खासगी पत्ता मिळतो. बाहेरच्या जगाला तो दिसत नाही. घरातून बाहेर गेलेल्या प्रत्येक मागणीची राऊटर नोंद ठेवतो आणि आलेले उत्तर योग्य उपकरणाकडे पोहोचवतो. बाहेरून आपणहून आलेली जोडणी मात्र कोणासाठी आहे, हे त्याला कळत नाही. म्हणून तो ती टाकून देतो.

येथे पोर्ट क्रमांक उपयोगी पडतो. प्रत्येक पत्त्याला ० ते ६५,५३५ असे क्रमांकांचे दरवाजे असतात. सुरक्षित संकेतस्थळांसाठी ४४३, कॅमेऱ्याच्या चित्रप्रवाहासाठी ५५४, असे काही क्रमांक रूढ आहेत. ‘बाहेरून ८५५४ या पोर्टवर येणारी जोडणी आतील १९२.१६८.१.५० या उपकरणाच्या ५५४ या पोर्टकडे पाठव’ असा नियम राऊटरला दिला, की मार्ग खुला होतो.

नियम चालण्यासाठी दोन अटी आहेत. डीव्हीआरचा आतील पत्ता कायम राहिला पाहिजे. अन्यथा वीज जाऊन आल्यावर तोच पत्ता दुसऱ्या उपकरणाला मिळू शकतो. दुसरे म्हणजे, राऊटरला खरा सार्वजनिक पत्ता हवा. अनेक सेवापुरवठादार असंख्य ग्राहकांना एकाच पत्त्यामागे ठेवतात. राऊटरच्या पानावर बाहेरील पत्ता १००.६४ ते १००.१२७ या मालिकेतील दिसला, तर नियम अचूक असूनही जोडणी आत येणार नाही.

खरी जोखीम मात्र नियम यशस्वी झाल्यावर सुरू होते. हा दरवाजा फोंड्यातील मुलापुरता उघडत नाही. तो साऱ्या जगासाठी उघडतो. नेहमीचा क्रमांक बदलून वेगळा घेतला म्हणजे तो लपतो, हा समजही फोल आहे. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये सादर केलेल्या साधनाने जगातील सर्व पत्त्यांवरील एखादा पोर्ट पाऊण तासाच्या आत तपासता येत असे. २०१६ मध्ये ‘मिराई’ या घातक प्रणालीने कारखान्यातून आलेल्या नाव-पासवर्डांच्या सुमारे ६० जोड्या वापरून लाखो कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले. त्यांच्या बळावर २१ ऑक्टोबर २०१६ रोजी झालेल्या हल्ल्याने अनेक मोठी संकेतस्थळे ठप्प झाली. गुजरातमध्येही फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातील महिला रुग्णांची कॅमेऱ्यातील दृश्ये समाजमाध्यमांवर पसरल्याचे उघडकीस आले. कॅमेरा रक्षणासाठी असतो. परक्याच्या हाती गेला, तर तोच घरातील सर्वांत मोठा धोका ठरतो.

यावर अधिक सुरक्षित उपाय उपलब्ध आहे. राऊटरला सोय असल्यास त्यावरच व्हीपीएन सुरू करावे. मग बाहेर फक्त व्हीपीएनचा दरवाजा उघडा राहतो आणि ओळख पटल्यावरच आत प्रवेश मिळतो. दुसरा मार्ग एसएसएचचा. फिनलंडच्या तातू यलोनेन यांनी १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात पासवर्ड चोरीच्या हल्ल्यानंतर ही पद्धत तयार केली आणि तिला २२ हा पोर्ट क्रमांक मिळाला. तिच्या साहाय्याने दूरच्या यंत्राचा पोर्ट आपल्याच संगणकावरील पोर्टशी जोडता येतो. वाटेतील सर्व संवाद सांकेतिक स्वरूपात जातो. त्यासाठी पासवर्डऐवजी डिजिटल किल्ली वापरणे श्रेयस्कर.

हे शक्य नसेल, तरी काही गोष्टी प्रत्येकाला करता येतात. राऊटरमधील पोर्ट फॉरवर्डिंगची यादी उघडून अनोळखी नियम काढून टाकावेत. उपकरणाला मालकाच्या नकळत दरवाजा उघडू देणारी ‘यूपीएनपी’ ही सोय बंद करावी. राऊटर आणि डीव्हीआर या दोहोंचे कारखान्यातील पासवर्ड बदलावेत, त्यांची प्रणाली अद्ययावत ठेवावी. कॅमेरा शक्यतो घराच्या दाराकडे रोखलेला असावा, शयनगृहात नसावा.

कारागीर काम संपवून निघण्यापूर्वी त्याने कोणते पोर्ट उघडले, हे त्याच्याकडून कागदावर लिहून घ्यावे. आई-वडिलांच्या घराची एखादी किल्ली परक्याकडे राहिली असेल, तर ती कोणाकडे आहे हे आपण विचारतोच. राऊटरमधील त्या आकड्यांबाबतही तेवढीच चौकशी व्हायला हवी.