ऐकलेला हक्क आणि छापलेला हक्क

काही वर्षांपूर्वी बेळगावातल्या आम्ही पाच-सहा जणांनी एका सरकारी कचेरीत निवेदन दिले. ‘जेथे १५ टक्के मराठी लोक आहेत, तेथे सरकारी कागद मराठीतही मिळावेत असे राज्यघटनेत म्हटले आहे,’ असे त्यात ठासून लिहिले होते. कारकुनाने शांतपणे विचारले, “कुठल्या कलमात?” आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. निवेदन मीच लिहिले होते आणि ते कलम मी कधी पाहिलेच नव्हते. वर्षानुवर्षे सभांतून ऐकलेले वाक्य, एवढाच माझा आधार होता.

घरी येऊन घटना उघडली. तीत १५ टक्क्यांचा आकडा नाही. १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने आलेले कलम ३५०-अ सांगते, की भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे यासाठी राज्याने व स्थानिक संस्थांनी पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न करावा. १५ टक्क्यांचे सूत्र आले ते केंद्र सरकारच्या १९५६ च्या ज्ञापनातून आणि १९६१ च्या मुख्यमंत्री परिषदेतील सहमतीतून. म्हणजे मागणी रास्त होती, पत्ता चुकला होता. ज्ञापनाच्या आधारे आग्रह धरता येतो; पण ज्ञापन म्हणजे घटनेचे कलम नव्हे.

आमच्या होमिओपॅथीत रेपर्टरी नावाचा ग्रंथ असतो. लक्षणावरून तो औषधांची नावे सुचवतो. पण औषध ठरवण्याआधी मटेरिया मेडिका उघडून पडताळावे लागते. वर्तमानपत्र, भाषण, मोबाईलवर आलेला मजकूर ही सारी रेपर्टरी समजा. कोठे पाहायचे ते तिथे कळते, निर्णय मात्र मूळ कागदावरच घ्यायचा.

मूळ कागद तरी कोणते? पहिला, कायदा आणि राजपत्र. जैन समाजाला राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने २० जानेवारी २०१४ रोजी घेतला. आमच्या घरी पेढे त्याच दिवशी वाटले गेले. अधिसूचना निघाली २७ जानेवारीला. अर्जासोबत जोडायची ती अधिसूचना, बातमीचे कात्रण नव्हे.

दुसरा, जनगणना. मातृभाषेनुसार लोकसंख्या ‘सी-१६’ या तक्त्यात मिळते. २०११ च्या जनगणनेचे भाषाविषयक आकडे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणून टक्केवारी सांगताना ती कोणत्या जनगणनेची आणि कोणत्या हद्दीची, हे लिहा. जिल्ह्याचा आकडा तालुक्याला लावू नका.

तिसरा, अंमलबजावणीचा अहवाल. कलम ३५०-ब नुसार भाषिक अल्पसंख्याकांसाठी आयुक्त नेमला जातो. त्याचे अहवाल राष्ट्रपतींकडे जातात आणि संसदेपुढे ठेवले जातात. कागदावर दिलेल्या संरक्षणांचे प्रत्यक्षात काय झाले, हे त्यांत राज्यवार वाचता येते. मात्र बरीचशी माहिती राज्य सरकारांनीच पुरवलेली असते, हे ध्यानात ठेवून वाचा. एवढ्यावरही प्रश्न उरला, तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. उत्तराची मुदत सामान्यतः ३० दिवस. “मराठीवर अन्याय का?” असे विचारू नका, त्याचे उत्तर कोणी देणार नाही. “अमुक तारखेच्या परिपत्रकाची प्रत द्यावी,” असे मागा.

आणखी एक पथ्य, तेही माझ्या अनुभवाचे. आपल्या बाजूचा पुरावा आपल्याला लगेच पटतो, म्हणून त्याचीच तपासणी अधिक कसून करावी. रोगी आपल्या आवडत्या औषधाचे गुण गातो म्हणून डॉक्टर तेच देत नाही.

आम्ही निवेदन पुन्हा लिहिले. पहिल्यात विशेषणे फार होती. दुसऱ्यात ज्ञापनाचे वर्ष, जनगणनेचा तक्ता आणि अहवालातले पान होते. कारकुनाने ते वाचले, शिक्का मारून पोच दिली आणि या वेळी कलम विचारले नाही. मागणी अजून मान्य झालेली नाही. पण ती पोच मी जपून ठेवली आहे. आपल्या नातवंडांना हा प्रश्न पुढे न्यावा लागलाच, तर त्यांच्या हाती ऐकीव वाक्य नको, कागद असावा.